मधुमेहाची गुंतागुंत, जमात आणि प्रदेश: वॉर्डात या चुका टाळा

ड्रेसिंग रूममध्ये पट्टी सोडली की वास आधी येतो, जखम नंतर दिसते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेल्या बाबांच्या पायाच्या अंगठ्याखाली नाण्याएवढं भोक होतं आणि आत बाभळीचा काटा. मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे तो कधी शिरला हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "दुखलं असतं तर आलो असतो ना, सिस्टर," एवढंच म्हणाले. आधीच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: आदिवासी रुग्ण, अज्ञान, हयगय.

त्या शब्दांनी बाबांच्या पायाची तपासणी थांबवली. मधुमेहाची गुंतागुंत जमातीप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे वेगळी दिसते, हे खरंच आहे. पण ती तशी का दिसते, हे समजून घेताना आपण सगळे (डॉक्टर, आम्ही परिचारिका आणि घरचे लोकही) ठरावीक ठिकाणी घसरतो.

"यांच्या रक्तातच आहे" म्हणून मोकळं होणं

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो आणि मूत्रपिंडं लवकर थकतात, हे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण त्याच इंग्लंडच्या वायव्य भागात मधुमेहींच्या पायांच्या जखमा मोजल्या, तेव्हा युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्या ५.५ टक्के निघाल्या आणि दक्षिण आशियाई रुग्णांत १.८ टक्के. म्हणजे तिथे आपल्याच वंशाच्या लोकांचे पाय जास्त सुखरूप होते. इथे मात्र पाय गमावलेल्या माणसांनी आमच्या खाटा भरलेल्या असतात. रक्त तर तेच आहे. मग फरक आला कुठून? पायातल्या पायताणातून, शेतातल्या काट्याकुट्यांतून, पाय बघणारं माणूस किती कोसांवर बसलंय यातून.

आपल्याकडे पायाला इजा होण्याच्या तऱ्हाही आपल्याच आहेत. संवेदना गेलेल्या पायाने उन्हात तापलेल्या फरशीवर देवळाची प्रदक्षिणा घातली जाते. मोटरसायकलच्या सायलेन्सरला पोटरी भाजते. सूज आलेल्या बोटात जोडवं रुततं. झोपेत उंदीर बोट कुरतडतो आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसल्यावर कळतं. परदेशी पुस्तकातल्या तपासणीच्या यादीत हे नसतं, म्हणून आपण विचारत नाही.

तेव्हा मधुमेही रुग्ण कशानेही दाखल होवो, तापाने का होईना, त्याचे दोन्ही तळवे उजेडात बघा. बोटांच्या बेचक्यासुद्धा बघा. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) नसेल तर रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने सेकंदभर अलगद स्पर्श करा. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पायांची संवेदना गेली आहे असं धरून चाला. मग एमसीआर चप्पल (मऊ रबरी तळाची), मागे पट्टा असलेली. अंगठ्याची चप्पल नको. बधिर पायातून ती निसटते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

तीन महिन्यांच्या साखरेवर डोळे मिटून विश्वास

एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात हे गृहीत धरते. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट इथल्या अनेक जमातींत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलच्या रुग्णाच्या पेशी फार आधीच फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. दोन्हीकडून सिकलचा जनुक आलेला असेल तर ज्याला चिकटलेली साखर ही तपासणी मोजते ते नेहमीचं हिमोग्लोबिन ए त्याच्या शरीरात जवळजवळ नसतंच, म्हणजे त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा जास्त येऊ शकतो आणि विनाकारण गोळी वाढते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाळिशीतली एक बाई. तीन महिन्यांची साखर ५.९, म्हणून "कंट्रोल छान आहे" असं सांगून तिला घरी पाठवलं गेलं. वॉर्डात ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी १९०, जेवणानंतर २८०. एवढं वर्षभर चाललं होतं. डोळ्याचा पडदा तपासला तेव्हा तिथे रक्तस्रावाचे ठिपके होते. सिकलची तपासणी त्यानंतर झाली, खरं तर ती आधी व्हायला हवी होती.

आकडा आणि ग्लुकोमीटर यांचं जुळत नसेल तर ग्लुकोमीटरला खोटं ठरवण्याची घाई करू नका. आधी हिमोग्लोबिन बघा, सिकलची चाचणी झाली आहे का ते विचारा. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी आकडा बिघडतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वेगवेगळ्या दिवशी तपासून चालवा, सोय असेल तर फ्रुक्टोसामिन (लाल पेशींवर अवलंबून नसलेली साखरेची तपासणी) करा. सिंधी, लोहाणा, भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच असतात. त्यांच्या बाबतीतही हा प्रश्न विचारावा. इथे जमात विचारणं उपयोगाचं आहे, कारण त्यावरून पुढची तपासणी ठरते. नुसतं लेबल लावण्यासाठी विचारू नये.

"बारीक आहे, याला कसली शुगर?"

२००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. म्हणून भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर नको. वजनकाट्यावर ५२ किलो दिसलं म्हणून शुगर तपासायचं राहू देऊ नका.

क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचंही असंच फसतं. हडकुळ्या, अंगात मांस कमी असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन मूत्रपिंड बरंचसं बिघडेपर्यंत "नॉर्मल" दिसत राहतं. लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडातून गळणारं प्रथिन) वर्षातून एकदा बघाच. लघवीतल्या क्रिएटिनिनशी त्याचं गुणोत्तर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर गेलं तर पुन्हा तपासून पक्कं करा.

लालसरपणाची वाट बघणं

जंतुसंसर्ग म्हणजे लाल त्वचा, असं शिकवतात. सावळ्या-काळ्या पायावर लाल दिसत नाही. तिथे त्वचा जांभळट किंवा अधिक काळी होते, चकाकते. तेव्हा हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर लावून उष्णतेतला फरक घ्या.

"औषधं नियमित घेत नाही"

हे वाक्य बीडकडच्या ऊसतोड मजुराच्या केसपेपरवर हमखास सापडतं. दिवाळीच्या सुमारास तो मुकादमाबरोबर निघतो, चार-पाच महिने उसाच्या फडात आणि कोपीत (झोपडीत) राहतो, आणि आपण त्याला महिन्याच्या गोळ्या देऊन पुढच्या तारखेला बोलावतो. तारीख आपण चुकीची दिलेली असते. निघण्याआधी विचारा: कुठे चाललात, परत कधी? हंगामभराच्या गोळ्या आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी द्या. इन्सुलिन असेल तर फ्रिज नाही म्हणून बंद करू नका. एका मडक्यात दुसरं मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आतल्या मडक्यात कोरडी डबी, आणि सगळं सावलीत. पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला मराठीत भराभरा सांगून "कळलं ना?" विचारलं की तो मान हलवतोच. त्याच्याकडूनच सुई धरून करून घ्या.

रुग्णालयाच्या आकड्यांवरून समाजाबद्दल बोलणं

आमच्या वॉर्डात एखाद्या जमातीचे पाय जास्त कापले जातात, म्हणून त्या जमातीत मधुमेह जास्त, हा निष्कर्ष बैठकांतही ऐकू येतो. वॉर्डात येतं ते पोचलेलं माणूस. जो घरीच वारला तो या मोजणीत नसतो, ज्याच्याकडे पैसा आहे तो खासगीत असतो. घरोघरी जाऊन केलेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणात २०२३ मध्ये देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आलं. गोव्यात सर्वांत जास्त २६.४ आणि उत्तर प्रदेशात सर्वांत कमी ४.८. पण कमी प्रमाण असलेल्या भागातही निदान उशिरा झालं तर माणूस गुंतागुंत घेऊनच दारात येतो.

म्हणून केसपेपरवर जमात लिहायचीच असेल तर तिच्या शेजारी हेही लिहा: जखम पहिल्यांदा कुणाला दिसली, दवाखान्यात यायला किती दिवस लागले, एसटी कुठून पकडली, पायात काय होतं, हिमोग्लोबिन किती, सिकल तपासला का.

बाबांच्या कागदावर मी ते सगळं लिहिलं. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत नऊ किलोमीटर, पायी. पायात काही नाही. अंगठा गेला, पाऊल वाचलं. घरी जाताना नवी चप्पल ते पिशवीत ठेवायला लागले, चिखलाने खराब होईल म्हणून. मी खाली बसून ती त्यांच्या पायात चढवली, पट्टा लावला आणि नातवाला सांगितलं, रोज झोपायच्या आधी बाबांचा तळवा कंदिलाजवळ धरून बघायचा.