हुडहुड रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

फिलिपिन्समध्ये उत्तर लुझॉनच्या डोंगरांत इफुगाओ लोक भाताची पेरणी, कापणी आणि मर्तिकाच्या जागरणाला हुडहुड ही कथागीतं गातात. मुख्य गायिका, बहुधा एखादी वयस्कर बाई, कथा पुढे नेते आणि बाकीच्या साथ देतात. पूर्ण गायनाला काही दिवसही लागतात. २००८ पासून हुडहुड युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे, पण म्हणून केलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग कामाचं निघतं असं नाही.

पहिली चूक परवानगीची. बरांगाय म्हणजे गावपातळीवरच्या प्रमुखाची सही पुरत नाही. १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्यानुसार समाजाची पूर्वसंमती लागते आणि ती प्रक्रिया एनसीआयपी या आयोगामार्फत होते. काय रेकॉर्ड करणार, कोणाला ऐकवणार आणि कोणता भाग बंद ठेवणार, हे तेव्हाच ठरवा. मर्तिकाचं गाणं भलत्या वेळी गायला लावू नका; चालेल का, ते आधी विचारा.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो मोबाइलचा आपोआप आवाज जुळवणारा रेकॉर्डर. साथीचा आवाज चढला की तो पातळी खाली ओढतो, गायिका श्वास घ्यायला थांबली की रातकिडे वर आणतो. हे नंतर नीट करता येत नाही. ही सोय बंद ठेवा. एक माइक मुख्य गायिकेपासून साधारण ३० सेंमीवर, दुसरा साथीसमोर; दोघांचे ट्रॅक वेगळे. पातळी साथ पूर्ण चढलेली असताना लावा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही: दोन ट्रॅकना तासाला सुमारे १ जीबी. पत्र्याच्या छपराखाली पाऊस आला तर रेकॉर्डिंग वाया गेलंच समजा.

लिहून काढताना पुनरावृत्ती गाळू नका. कंटाळवाणी वाटते खरी, पण साथ नेमकी कुठे उचलली जाते हे तिच्यावरूनच कळतं. प्रत्येक ओळीपुढे कोण गातंय ते लिहा. फक्त तागालोग, म्हणजे फिलिपिन्समधली मुख्य भाषा, येणारा अनुवादक इथे चालत नाही. शब्द जुने आणि अलंकारिक असतात, त्यामुळे गाणाऱ्यांपैकीच कोणीतरी शेजारी हवं. आधी मूळ ओळ, मग शब्दशः अर्थ, मोकळा अनुवाद शेवटी.

दोन गायिकांच्या आवृत्त्या जोडून एक ‘अस्सल’ पाठ बनवण्याचा मोह फार जणांना होतो. अशी आवृत्ती कोणीच गायलेली नसते. प्रत्येक गायन वेगळं ठेवा. गाव, तारीख, प्रसंग आणि संमती असेल तर नाव फाइलच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. त्याच रात्री दोन प्रती काढा आणि एक दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवा. गावाला द्यायची प्रत मात्र एमपीथ्रीत द्या, फोनवर वाजेल अशी.