एक इच्छा, दोन भावंडं: ख्रिसमसची जादूची गोष्ट कशी लिहायची

आधी भांडण ठरवा, जादूचं नंतर बघू. बरेच जण उलटं करतात, आधी बर्फ, घंटा, उडणारे रेनडियर सगळं मांडून ठेवतात आणि मग त्यात दोन गोड भावंडं बसवतात, जी एकमेकांशी इतकी शहाण्यासारखी वागतात की ऐकणारं पोर दुसऱ्या पानालाच जांभई देतं. भांडण छोटंच हवं. झाडावरचा तारा यंदा कोण लावणार, एवढं पुरतं.

मग इच्छा, आणि इथे मात्र कंजूसपणा करा. दोघांत मिळून एकच, आणि मुदत 24 डिसेंबरच्या रात्री 12 पर्यंत. तीन इच्छा दिल्या की पोरांना आधीच कळतं, पहिल्या दोन वाया जाणार आणि तिसरीने सगळं निस्तरणार.

खरी मेहनत इच्छेच्या शब्दांवर घ्यायची, कारण जादू शब्द पाळते, मनातलं नाही. समजा थोरली रागात म्हणते, "याचा हातच लागू नये माझ्या वस्तूंना!" झालं. धाकट्याचा हात तिच्या पुस्तकातून आरपार जातो, आधी मज्जा, मग तिची रजई त्याला ओढता येत नाही, थोडी कमी मज्जा, आणि मग तारा लावताना ती स्टुलावरून घसरते, तो हात पकडायला धावतो पण तिच्या हातात हातमोजा आहे आणि तो हातमोजा तिचा आहे ना! एकाच नियमातून असे तीन प्रसंग काढा, दर वेळी थोडं जास्त महागात पडणारे. मध्येच नवा नियम आणलात तर पोरं पकडतात, त्यांच्याइतका कडक वकील नाही.

सोडवणूक मुलांनीच करायची, त्याच नियमातली फट शोधून. ती ओरडते, "घे, तुझा झाला हातमोजा!" आणि पकड बसते. इथे सांताला आणू नका प्लीज. सांता ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस चौथ्या शतकात मायराचे बिशप होते (आताचं तुर्कस्तान), त्यांच्या दंतकथेतही तीन गरीब बहिणी आहेत, आणि ते रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकून निघून जातात, उपदेश करत बसत नाहीत. तुमच्या सांतानेही तेवढंच करावं.

लांबी? चित्रांचं पुस्तक साधारण 32 पानांचं असतं, त्यात 500 ते 1000 शब्द भरपूर झाले. लिहून झालं की मोठ्याने वाचा, जिथे तुमचीच जीभ अडखळते ते वाक्य तोडा.

12 चे ठोके पडले की दोन-चार वाक्यांत आटपा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत भांडत असली तरी हरकत नाही, उलट असूच देत, कारण धाकटा आता तो हातमोजा परत द्यायला तयार नाही.