मराठी मजकूर वाचण्या-लिहिण्यासाठी मॉनिटर कसा निवडावा

मॉनिटर घेताना चर्चा इंचांची आणि किमतीची होते. डोळे पडद्यापासून किती अंतरावर असणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. दिवसभर मराठी मजकुराची अक्षरजुळणी किंवा मुद्रितशोधन करणाऱ्यांसाठी तोच प्रश्न पहिला आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी.

१. अंतर मोजावे. नेहमीच्या खुर्चीत पाठ टेकवून बसावे आणि डोळ्यांपासून पडदा जिथे येईल तिथपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे. दोन फूट खोलीच्या टेबलावर ते साधारण ५५ ते ६५ सेंटीमीटर भरते. एवढ्या अंतरावर २४ किंवा २७ इंची पडदा सोयीचा पडतो. ३२ इंची पडद्यासाठी ७५ सेंटीमीटर तरी हवेत, अन्यथा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवत बसावे लागते.

२. टेबलाची रुंदी पाहावी. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद असतो, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१.

३. आकार आणि रिझोल्युशन (पडद्यावर पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, किती आहेत ते) जोडीने निवडावे. हे दोन निर्णय वेगवेगळे घेऊ नयेत, कारण अक्षराचा रेखीवपणा दोहोंच्या भागाकारावर ठरतो. फुल एचडी (१९२० × १०८० पिक्सेल) पडद्याच्या कर्णावर २,२०३ पिक्सेल बसतात, क्यूएचडीच्या (२५६० × १४४०) कर्णावर २,९३७ आणि फोरकेच्या (३८४० × २१६०) कर्णावर ४,४०६. या आकड्याला पडद्याच्या इंचांनी (तेही कर्णावरच मोजतात) भागले की दर इंची पिक्सेल मिळतात. २४ इंची फुल एचडीवर ते ९२ येतात, २७ इंची फुल एचडीवर ८२, २७ इंची क्यूएचडीवर १०९ आणि २७ इंची फोरकेवर १६३.

देवनागरीसाठी ९०च्या खाली उतरू नये, असे माझे ठाम मत आहे. मोठा आणि स्वस्त म्हणून २७ इंची फुल एचडी अनेकांच्या गळ्यात मारला जातो. चित्रपट पाहायला तो चालेल, पण मजकुराच्या कामाला तो घेऊ नये. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार असतात, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटच्या अक्षराच्या मुख्य अंगाला रोमन अक्षरापेक्षा कमी उंची उरते. पिक्सेल विरळ असले की ‘ध’ आणि ‘घ’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातली शिरोरेषेची फट बुजते, ‘सर्वांना’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात, आणि ‘त्यांचे’ लिहिले आहे की ‘त्याचे’, हे पाहण्यासाठी पुढे झुकावे लागते. हे झुकणेच संध्याकाळी मानेला आणि डोळ्यांना भोवते. दुकानात जाताना अशा शब्दांचे एक पान पेनड्राइव्हवर न्यावे आणि ते बारा पॉइंटमध्ये, मोजलेल्या अंतरावरूनच वाचून पाहावे. तिथे चालू असलेल्या रंगीत चित्रफितीवरून काहीही ठरवू नये.

४. स्केल, म्हणजे पडद्यावर सगळे किती टक्के मोठे दिसावे ते प्रमाण, ठरवावे. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि मलाही ही पायरी नीट उमगायला बराच काळ लागला. अक्षर बारीक दिसते म्हणून रिझोल्युशन खाली आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीही मानू नये. पडद्यावरचे पिक्सेल ठरलेलेच असतात. क्यूएचडी पडदा फुल एचडीवर चालवला की मजकुराचा एक पिक्सेल पडद्याच्या एक आणि एक तृतीयांश पिक्सेलवर पसरावा लागतो, आणि प्रत्येक अक्षराची कड धूसर होते. जादा पैसे देऊन घेतलेला रेखीवपणा अशा रीतीने एका क्लिकमध्ये वाया जातो. असे ‘दुरुस्त’ केलेले संगणक मी अनेक कार्यालयांत पाहिले आहेत, आणि तिथले कर्मचारी चष्म्याचा नंबर वाढल्याची तक्रार करत होते.

रिझोल्युशन मूळचेच ठेवावे आणि विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ या मार्गाने जाऊन ‘स्केल’ वाढवावे. २७ इंची फोरके पडदा १५० टक्क्यांवर ठेवला की त्यावर २५६० × १४४० एवढी कामाची जागा मिळते, म्हणजे २७ इंची क्यूएचडीइतकीच. अक्षराचा आकारही तेवढाच राहतो, पण ते अक्षर सव्वादोन पट पिक्सेलांनी रेखले जाते. चाळिशी लागलेल्यांनी १७५ टक्के करून पाहावे. उलट २४ इंची फुल एचडी १२५ टक्क्यांवर नेला की जागा १५३६ × ८६४ एवढीच उरते आणि दोन पाने शेजारी-शेजारी नीट मावत नाहीत. म्हणून मोठे अक्षर हवे असणाऱ्याने फोरकेच घ्यावा. खर्च झेपत नसेल तर २४ इंची फुल एचडी १०० टक्क्यांवर वापरावा. तो प्रामाणिक पर्याय आहे.

मात्र फोरके घेण्याआधी एक चाचणी आत्ताच्या संगणकावर अवश्य करावी. स्केल १५० टक्के करून, साइन आउट करून पुन्हा आत यावे आणि रोजची सगळी सॉफ्टवेअर उघडून पाहावीत. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षर-संकेतपद्धती येण्याआधीचे फाँट वापरणारी जुनी अक्षरजुळणीची आणि हिशेबाची काही सॉफ्टवेअर अशा वेळी धूसर होतात किंवा त्यांची बटणे खिडकीबाहेर जातात. त्या सॉफ्टवेअरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंपॅटिबिलिटी’खाली ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असते. तिथले पर्याय एकेक करून पाहावेत. तरीही जमले नाही आणि ते सॉफ्टवेअर सोडता येत नसेल, तर २७ इंची क्यूएचडी १०० टक्क्यांवर वापरणे उत्तम. मॅक वापरणाऱ्यांना मी फोरके किंवा त्याहून दाट पडदाच सुचवेन, कारण २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलने सबपिक्सेल पद्धतीने (पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या भागांचा वापर करून) अक्षरांच्या कडा मऊ करणे मूळ सेटिंगमध्ये बंद केले आहे आणि विरळ पडद्यावर ती उणीव जाणवते.

५. पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल जोडायची खाच, तपासावा. एचडीएमआय १.४ पोर्टवर फोरके सेकंदाला ३० वेळाच ताजा होतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. मर्यादा लॅपटॉपची असली तर महाग केबलने ती दूर होत नाही.

६. उंची लावावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. द्विकेंद्री चष्मा असल्यास आणखी खाली.

बसवून झाल्यावर पेनड्राइव्हवरचे तेच पान घरी छापून मॉनिटरशेजारी धरावे आणि दिवसाच्या उजेडात व रात्रीच्या दिव्यात दोन्ही वाचून पाहावे. पडद्यावरचे जोडाक्षर ओळखायला कागदाकडे बघावे लागत असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी मॉनिटर बदलून घ्यावा.