कॅरिबियन कोळ्याचे आढळक्षेत्र ठरवताना

कॅरिबियन बेटांवरील कोळ्यांच्या वर्गीकरणाकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात, की जातीच्या आढळक्षेत्राचा नकाशा कोणत्या सॉफ्टवेअरवर काढावा. माझ्या अनुभवात तो या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. नकाशावरील प्रत्येक ठिपक्यामागचा नमुना खरोखर त्याच जातीचा आहे का, हे तपासण्यातच बहुतेक वेळ जातो.

यासाठी स्पिंथारस या कोळ्यांच्या वंशाचा इतिहास आधी वाचावा. हेन्ट्झ यांनी १८५० मध्ये वर्णन केलेली स्पिंथारस फ्लॅविडस ही जाती, पानांच्या खालच्या बाजूस राहणारा काही मिलिमीटरांचा कोळी, उत्तर अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत आढळते असे दीर्घकाळ मानले जात होते. कोळी-अभ्यासक इंगी अ‍ॅग्नार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना एकत्र ताडून पाहिल्यावर २०१८ मध्ये कॅरिबियनमधील १५ नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. (काही जातींना अमेरिकी राजकारणी बर्नी सँडर्स आणि निसर्ग-माहितीपटकार डेव्हिड अ‍ॅटनबरो यांची नावे दिल्यामुळे वृत्तपत्रांनी या जातींची दखल घेतली, आढळक्षेत्राचा विषय मात्र मागेच राहिला.) जुन्या नोंदींतील ‘फ्लॅविडस’ हे नाव जसेच्या तसे उचलले, तर अनेक बेटांवरील वेगवेगळ्या जाती एकाच रंगाने रंगवल्या जातात.

पोटावरील रंगनक्षी एकाच जातीत बदलत असल्याने छायाचित्रावरून निर्णय देऊ नये. प्रौढ नराच्या पाल्पची (तोंडाजवळील, मीलनासाठी वापरल्या जाणाऱ्या अवयवाची) रचना आणि मादीचे एपिगायनम (पोटाखालील जननांगाचा बाह्य भाग) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते. पिल्लांमध्ये हे अवयव विकसित झालेले नसल्याने तिथे डीएनएचाच आधार उरतो. डीएनएसाठीचा नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि स्थळ, तारीख व संकलकाचे नाव असलेली, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आतच टाकावी, कारण बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठ्या अल्कोहोलमुळे पुसल्या जातात.

संग्रहालयातील जुन्या चिठ्ठीवर नुसते ‘वेस्ट इंडीज’ लिहिलेले असेल, तर त्यासाठी अक्षांश-रेखांश कल्पून ठिपका देण्यापेक्षा ती नोंद नकाशाबाहेर ठेवणे मला योग्य वाटते. ठिपके जोडताना समुद्राची खोलीही पाहावी. हिमयुगात समुद्रपातळी खालावली तेव्हा प्वेर्तो रिको, व्हिएकेस, सेंट थॉमस आणि टोर्टोला ही बेटे त्यांच्यामधला उथळ समुद्रतळ उघडा पडल्याने एकमेकांना जोडलेली होती, मात्र सेंट क्रॉय खोल पाण्यामुळे वेगळेच राहिले. म्हणून तिथल्या नमुन्याला प्वेर्तो रिकोतील जातीचे नाव देण्यापूर्वी तो स्वतंत्रपणे तपासावा.

जिथे शोध घेतला पण कोळी सापडला नाही, अशा जागाही तारीख, पद्धत आणि लागलेल्या वेळेसह वहीत लिहाव्यात. त्याशिवाय नकाशावरची रिकामी जागा कोळी नसल्याची आहे की तिथे कोणी गेलेच नसल्याची, हे पुढच्या अभ्यासकाला सांगता येत नाही.