नागपुरात बसून दिमोनाचा इतिहास मांडायचा तर

इस्रायलच्या नेगेव वाळवंटात दिमोना नावाचं गाव आहे. वस्ती ३५,००० च्या आसपास, म्हणजे आपल्या उमरेडपेक्षाही लहान. तरी मराठी माणसाने ते अभ्यासावं, कारण कोकणातून गेलेले अनेक बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तिथेच स्थायिक झाले आणि तिथल्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून मराठी आहे. कॉलेजचा प्रकल्प असो की वाचनालयातला भिंतीवरचा तक्ता, कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हे गाव आपोआप वाढलेलं नाही, सरकारने १९५५ मध्ये ठरवून वसवलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर ‘हे कोणी ठरवलं आणि कशासाठी’ हा प्रश्न विचारायचा.

आधी नाव. इंग्रजीवरून लिहिणारे ‘डिमोना’ करतात. हिब्रूत तो ‘द’ आहे, आणि आपल्या लिपीत दोन्ही वेगळे लिहिता येतात. हे नाव बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या गावांच्या यादीतून घेतलेलं आहे. पण तेवढ्यावरून प्राचीन दिमोना याच जागी होतं असं लिहू नका. तसंच ‘१९५५ पूर्वी इथे कोणीच नव्हतं’ हेही लिहू नका. नेगेवमध्ये बदावी (बेदुइन), म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब टोळ्या आधीपासून राहत होत्या. तक्त्यावर त्यांची पट्टी सगळ्यात डावीकडे यायलाच हवी.

आता तक्ता. बाजारात मिळणारा मोठा ड्रॉइंग शीट २२ × २८ इंची असतो, म्हणजे लांबी साधारण ७१ सेंमी. १९५० ते २०२२ ही ७२ वर्षं. वर्षाला १ सेंमी धरलं की कागद पुरत नाही आणि शेवटची वर्षं कोपऱ्यात कोंबली जातात. ९ मिमी धरा: ६४.८ सेंमी लागतात आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमी समास उरतो. त्यावर इस्रायलच्या जनगणनांच्या खुणा करा. १९६१ ची खूण ९९ मिमीवर, १९७२ ची १९८ वर, १९८३ ची २९७ वर, १९९५ ची ४०५ वर, २००८ ची ५२२ वर आणि २०२२ ची ६४८ वर येते.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्याला दर दहा वर्षांच्या जनगणनेची सवय. तिथलं अंतर ११, ११, १२, १३ आणि १४ वर्षांचं आहे. खुणा सारख्या अंतरावर मारल्या तर वाढीची रेघ खोटी चढते. नागपूरशी तुलना करताना दशकाची टक्केवारी न घेता वार्षिक दर काढा: शेवटच्या आकड्याला सुरुवातीच्या आकड्याने भागा, जितकी वर्षं तितकं मूळ काढा (११ वर्षं असतील तर ११ वं मूळ), त्यातून १ वजा करा. समजा वस्ती १०,००० ची २०,००० झाली. ११ वर्षांत झाली तर दर ६.५ टक्के, १४ वर्षांत झाली तर ५.१ टक्के. ‘दुप्पट झाली’ एवढंच लिहिलं तर हा फरक दिसत नाही.

हिब्रू कागदांवरचं वर्ष बदलायला ३७६० वजा करा: ५७१५ म्हणजे १९५५. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ३७६१.

वस्तीच्या रेघेखाली रोजगाराची रेघ हवीच. १९५५ मध्ये पहिली कुटुंबं आली ती मोरोक्कोतून. मृत समुद्राच्या कारखान्यातल्या कामगारांना राहायला जागा हवी होती, आणि समुद्रसपाटीच्या सुमारे ४०० मीटर खालच्या त्या उकाड्यात गाव वसवणं अवघड होतं. पुढे कापडगिरण्या आल्या. १९५८ पासून जवळच अणुकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, १९६५ मध्ये रेल्वे पोचली, १९६९ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. अणुकेंद्र गावाबाहेर, सुमारे १३ किमीवर आहे. गाव आणि केंद्र एकच समजू नका, नाहीतर सगळा इतिहास बॉम्बच्या बातम्यांत बुडतो. गिरण्या ओसरल्यावर गावाचं काय झालं, हे एम्प्रेस मिलच्या नागपूरला वेगळं समजवावं लागणार नाही. १९९० च्या दशकातली वाढ मात्र वेगळ्या रंगात दाखवा. तेव्हा सोव्हिएत संघातून आलेल्या लोंढ्याने वस्ती वाढली, नव्या कारखान्यांनी नव्हे.

नकाशासाठी इंटरनेटवरची जुनी उपग्रह चित्रं धूसर दिसतील. १९९७ च्या अमेरिकी कायद्यामुळे इस्रायलची चित्रं साधारण २ मीटरपेक्षा बारीक देता येत नव्हती. २०२० मध्ये ते शिथिल झालं. त्यामुळे दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवून ‘नवी घरं दिसतात’ म्हणणं धोक्याचं, कारण कदाचित फक्त चित्रच स्पष्ट झालेलं असेल. गावाचा पसारा मोजायला १९८४ नंतरची लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची ३० मीटरची चित्रं मोफत मिळतात, तीच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा.

शेवटी माणसं. बेने इस्रायली ज्येष्ठांशी मराठीतच बोला. आडनावात कोकणातलं गाव लपलेलं असतं: पेणकर, रोहेकर, नवगावकर. फोन करताना हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो, तेव्हा फोन नको. रविवार तिथे कामाचा दिवस आहे. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की उत्तर मोघम येतं. ‘आजी, पहिलं घर कसं होतं? पाणी नळाला कधी आलं? काम कुठे मिळालं?’ असं विचारा. १९६० च्या दशकात त्यांच्या विवाहांवर रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) शंका घेतली आणि समाजाला आंदोलन करावं लागलं. हा विषय त्यांनी काढला तर ऐका, आपण उकरू नका. परवानगीशिवाय नाव छापू नका. सांगितलेलं वर्ष तक्त्यावर पेन्सिलीनेच लिहा, आणि कागदोपत्री जुळल्यावरच त्यावर शाई फिरवा.