पॉवर स्टिअरिंग पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

इंदूरच्या सियागंजात मालाने भरलेली व्हॅन वळवताना स्टिअरिंग जड होत असेल आणि पंप बदलूनही तीच तक्रार परत येत असेल, तर आणखी एक पंप घेण्यापूर्वी हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेतील तेल पाहावे. पातळी पुरेशी असूनही तेलाला फेस येत असल्यास टाकीतून पंपाकडे जाणारी नळी बहुधा हवा ओढत असते. ती बाहेरून कोरडी दिसते, म्हणूनच नजरेतून सुटते. तेलात धातूची चमक दिसली, तर जुन्या पंपाचा चुरा नव्या पंपाला झिजवतो आहे असे समजून संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी. हा खर्च टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. पंप फिरवणाऱ्या बेल्टचा ताणही तपासावा. स्टिअरिंग विजेवर चालणारे असेल, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का ते मोजावे आणि अर्थिंगची जोडणी घासून घट्ट करावी.