पालीच्या लेंडीत तिचं जेवण आणि तिचे जंत कसे शोधायचे

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या पडवीत ट्यूबलाइटखाली चार पाली राहतात. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि या चौघींनी मला अनेक पावसाळे काम पुरवलंय. खाणं आणि जंत यांचं नातं समजून घ्यायला पाल पकडावी लागत नाही, मारावी तर मुळीच लागत नाही. लेंडी पुरते.

रात्री दिव्याखालच्या भिंतीलगत पांढरा कागद अंथरा आणि सकाळी झाडू फिरण्याआधी उचला. काळपट लेंडीच्या टोकाला खडूसारखा पांढरा ठिपका दिसेल. ती पालीची लघवी, म्हणजे युरिक आम्ल. उंदराच्या लेंडीला असा ठिपका नसतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. बागेतल्या सरड्याची लेंडी मातीत पडलेली असेल तर मातीला टेकलेला भाग घेऊ नका. मातीत मोकळे जगणारे सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक जंत) तुम्हाला फसवतील. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. या विष्ठेत साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून स्वयंपाकघरातली गाळणी, चमचा यासाठी कधीच वापरायचा नाही.

लेंडीचे दोन भाग करा. पहिला बशीत कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि दोन सुयांनी हलकेच सोडवा. भिंगाखाली मुंग्यांची डोकी अख्खी सापडतात, झुरळाच्या पायांवरचे काटे ओळखू येतात, भुंगेऱ्याचे कडक पंख चमकतात, पतंगांच्या पंखांची खवल्यांची धूळ पाण्यावर तरंगते. अळ्या मात्र विरघळून जातात. म्हणून ‘अळ्या खात नाही’ असं कधी लिहू नका, ‘अळ्यांचे अवशेष दिसले नाहीत’ असं लिहा.

दुसरा भाग जंतांसाठी. 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ घालून ढवळा. तळाशी थोडं मीठ उरलं की द्रावण तयार. त्यात लेंडी कुस्करा, गाळा, छोट्या बाटलीत काठोकाठ भरा आणि वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काचेचा तुकडा, ठेवा. 15-20 मिनिटांनी ती अलगद उचलून काचपट्टीवर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट मोठं करून बघा. जास्त वेळ ठेवलं तर मिठाने अंडी आक्रसतात. काही जंतांची अंडी जड असतात, ती वर येतीलच असं नाही. त्यासाठी थोडी लेंडी साध्या सलाइनच्या (सौम्य मिठाच्या पाण्याच्या) थेंबात कालवून वेगळी काचपट्टी बघाच.

आता मूळ मुद्दा. सगळे जंत खाण्यातूनच येतात असं नाही. ऑक्झ्युरिड गटातल्या सूत्रकृमींना मधला यजमान, म्हणजे आधी ज्याच्या अंगात वाढायचं असा दुसरा प्राणी, लागत नाही. अंडी पडलेल्या जागेवरून, चाटण्यातून ती थेट पोटात जातात. फीतकृमींपैकी (फितीसारख्या चपट्या जंतांपैकी) उओकोरिस्टिका मात्र भुंगेऱ्यांसारख्या कीटकांतून येतो. आणि रायलिएटिएला या परजीवीची गोष्ट तर आपल्या मोरीतच घडते. दिसायला जंत, कुळाने खेकडा-कोळंबीच्या जवळचा हा परजीवी पालीच्या फुफ्फुसात राहतो. त्याची अंडी घशात येतात, गिळली जातात, लेंडीतून बाहेर पडतात. ती लेंडी झुरळ खातं, त्या झुरळाला पाल खाते. ज्या पालीच्या लेंडीत झुरळाचे काटे दिसतात, तिच्याकडे मी म्हणूनच जास्त लक्ष देते.

इथेच माझी मोठी चूक झाली होती. एका पावसाळ्यात लेंड्यांमध्ये एका बाजूने चपटी, भरपूर अंडी दिसली आणि मी वहीत ‘पालींना जंतांचा प्रादुर्भाव’ असं लिहून टाकलं. पण त्या सगळ्या लेंड्यांत झुरळाचे पाय होते. मनात शंकेची पाल चुकचुकली. घरातलंच एक झुरळ सलाइनमध्ये उघडलं. मागच्या आतड्यात पांढरे धागे वळवळत होते, आणि त्यांच्या पोटात हुबेहूब तीच अंडी. झुरळाला स्वतःचे सूत्रकृमी असतात, आणि त्यांची अंडी पालीच्या पोटातून नुसती प्रवास करून जातात. ती नोंद मी खोडली. तेव्हापासून लेंडीत जो कीटक सापडतो तो आधी उघडून बघते, मगच पालीला जंत आहेत म्हणते. कीटकांबरोबर आलेल्या माइट्सची (कोळ्यांच्या जवळच्या बारीक जीवांची) अंडीही अशीच फसवतात. ती बरीच मोठी असतात आणि कधीकधी आत पाय दिसतात.

खाणं बदललं की पोटातली वस्तीही बदलू शकते. याचं माझं आवडतं उदाहरण क्रोएशियातलं. 1971 मध्ये पोड कोपिश्ते बेटावरून भिंतसरड्यांच्या पाच जोड्या पोड मर्चारू बेटावर सोडल्या होत्या. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नव्या बेटावरचे त्यांचे वंशज खूप जास्त वनस्पती खातात, त्यांच्या आतड्यात अन्न रेंगाळवणाऱ्या झडपा तयार झाल्यात, आणि मागच्या आतड्यात सूत्रकृमी आहेत. मूळ बेटावरच्या सरड्यांत ते सापडले नाहीत. हे कृमी पाला पचवायला हातभार लावत असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. म्हणून जंत दिसला की लगेच ‘आजार’ लिहू नका.

वहीत तारीख, जागा, पाऊस होता की नाही, सापडलेले कीटक आणि अंड्यांचं चित्र ठेवा. अंड्यांची संख्या लिहिली तरी तिच्यावरून किती जंत आहेत हे ठरवू नका, आणि एका लेंडीत काही दिसलं नाही म्हणून पाल जंतमुक्त आहे असंही नाही. त्याच कोपऱ्यातल्या निदान आठ-दहा लेंड्या वेगवेगळ्या दिवशी बघा. अख्खा जंत सापडलाच तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका आणि बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.